आर्डिसची पर्स

एल्डन अनरूच्या पिकअपचा डावा इंडिकेटर डेन्व्हर सोडल्यापासून चालू होता. तो बंद करायला सांगणारी बाई, म्हणजे त्याची बायको आर्डिस, शेजारच्या सीटवरच होती. पण आता ती, म्हणजे तिची राख, अक्रोडाच्या एका लाकडी पेटीत होती, आणि त्या पेटीला एल्डनने सीटचा पट्टा लावला होता. पेटीच्या पायाशी तिची तपकिरी पर्स होती. मागून येणारे ट्रकवाले हा म्हातारा आता डावीकडे सरकणार म्हणून बराच वेळ वाट बघायचे आणि शेवटी वैतागून, भोंगा वाजवत पुढे निघून जायचे. एल्डन प्रत्येकाला हात करायचा. आमच्याकडे रस्त्यात जो दिसेल त्याला हात करतात, भोंगा वाजवणाऱ्यालाही.

उन्हाळ्यात तिला उपचारासाठी कोलोरॅडोत, डेन्व्हरला नेलं होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दवाखान्याजवळ एक खोली घेऊन दोघंच राहिली. ऑक्टोबरात ती गेली. जाण्याआधी तिने सगळं ठरवून ठेवलं होतं: कॅन्ससला, आपल्याच चर्चच्या मागे, आईच्या शेजारी पुरायचं, शनिवारी दुपारी दोनला, म्हणजे ज्वारीची कापणी करणाऱ्यांनाही येता येईल, आणि नंतरच्या जेवणात कुणालाही गार हॅम वाढायचं नाही. एल्डनला एवढंच पार पाडायचं होतं. आयुष्यात त्याने तिचं फार काही ऐकलं नव्हतं असं तो मानायचा, आणि हे शेवटचं तरी नीट व्हावं असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आता पर्सबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या भागातल्या त्या पिढीचा पुरुष बायकोची पर्स उघडत नाही. तिने 'पर्समधला चष्मा दे' म्हटलं तर तो अख्खी पर्स उचलून तिच्यापुढे नेऊन ठेवतो. एका हिवाळ्यात आर्डिस बायकांच्या गोधडी मंडळाला गेली होती आणि पर्स चुकून एल्डनच्या पिकअपमध्ये राहिली. घराच्या किल्ल्या पर्समध्ये. एल्डन ती पर्स मांडीवर घेऊन, बर्फ पडत असताना, व्हरांड्यात बसून राहिला. आर्डिस आली तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ही गोष्ट काउंटीत कुणालाही विचारा, जरा वाढवूनच सांगतील.

नवऱ्याला बंद असलेली ही पर्स चर्चमधल्या पोरांना मात्र सताड उघडी होती. प्रवचन लांबलं की पुढच्या बाकावरून खटका उघडल्याचा 'टक्' असा आवाज यायचा आणि मागच्या बाकांवरून हात पुढे व्हायचे. प्रत्येक हातावर एक पेपरमिंटची गोळी. त्यातला एक हात केंड्रा पेनरचा असायचा. पुढे ती शेरीफच्या कचेरीत डेप्युटी म्हणून लागली, आणि त्या शनिवारी एल्डनच्या मागे जी दिव्यांची गाडी लागली ती तिचीच होती.

कोलोरॅडोची हद्द ओलांडून कॅन्ससमध्ये शिरणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवणं हे आमच्या शेरीफच्या माणसांचं बारमाही पीक आहे. पण केंड्राच्या मनात तसलं काही नव्हतं. तिने पिकअप ओळखली होती. इंडिकेटर बंद करा एवढंच सांगायला ती खिडकीशी आली.

"काका, कुठे वळायचंय तुम्हाला? हद्दीपासून मी मागे आहे."

"कुठेच नाही गं. सरळ चर्चला."

मग तिला पट्टा लावलेली पेटी दिसली. तिने डोक्यावरची टोपी काढली.  सगळी काउंटी चर्चमध्ये जमली आहे, ड्यूटी मात्र नेमकी माझ्या वाट्याला आली, आर्डिसकाकूंच्या मातीला मला येता येणार नाही, असं काहीतरी ती सांगत राहिली. एल्डन मान डोलवत राहिला. डेन्व्हरहून निघाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिचं नाव घेतलं होतं.

"काका, एक मागू?" केंड्रा म्हणाली. "पर्समधली गोळी. शेवटची."

एल्डनने विचार केला आणि पेटीकडे बोट दाखवलं. "तिला विचार."

केंड्राने खरंच विचारलं. मग पलीकडच्या दाराने वाकून तिने पर्स उचलली, खटका दाबला, आणि तोच 'टक्' आवाज आला. डोळे भरून आल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं. हाताला जे लागलं ते तिने वर काढलं. ती पेपरमिंटची पिशवी नव्हती. ती एक गोल बरणी होती, तिच्यावर हिरवं पान, कोलोरॅडोचा सरकारी शिक्का आणि आत गांजाच्या जेलीच्या गोळ्या. केंड्राने ती छातीसमोर धरली होती, आणि छातीवरचा कॅमेरा तिच्या आधी वाचून मोकळा झाला होता.

"काका, हे काय आहे?"

"मी बघणार नाही. तिची पर्स आहे ती."

केंड्रा पांढरीफटक पडली. कॅमेऱ्यात आलेलं पुसता येत नाही. तो हाताने झाकला तरी नोकरी जाते, आणि तिची नोकरी अजून नवी होती. तिचा आवाज बदलला. 'काका'चे 'मिस्टर अनरू' झाले. बिचारी कायदा सांगू लागली आणि सांगता सांगता रडू लागली. हद्दीच्या पलीकडे हीच बरणी दुकानातल्या मुलीने कागदी पिशवीत घालून, दिवस चांगला जावो म्हणून हातात दिलेली असणार. अलीकडे एक गोळी सापडली तरी गुन्हा, आणि पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. मध्ये फक्त एक पाटी आहे, तिच्यावर सूर्यफूल काढलंय.

एल्डनने परिस्थितीचा शांतपणे विचार केला. "पाटी दिसतेय मला इथून," तो म्हणाला. "मी रिव्हर्समध्ये जातो."

हायवेवर रिव्हर्स घेणं हा वेगळा गुन्हा होता. शेवटी केंड्राने त्याला आपल्या गाडीत बसवलं, पेटी त्याच्या मांडीवर दिली, आणि पिकअप होती तशीच रस्त्याच्या कडेला राहिली. इंजिन बंद केलं, पण किल्ली फिरवलेलीच आत राहिली. आमच्याकडे किल्ली काढून नेली तर लोकांना वाईट वाटतं.

कचेरीत पोचल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. कैद्याजवळचं सगळं सामान कुलपाच्या कपाटात ठेवायचं असा नियम आहे. एल्डनने टोपी दिली, पट्टा दिला, खिशातला चाकू दिला.

"पेटीपण?"

"पेटीपण, काका."

अशा रीतीने आर्डिस अनरू, जिने रम घातलेला केक चर्चच्या जत्रेतून परत पाठवला होता, ती शनिवारी दुपारी तुरुंगात गेली. केंड्राने कपाटाचं दार लावलं नाही. किलकिलं ठेवलं, आणि एल्डनची खुर्ची अशी मांडली की त्याला पेटी दिसत राहील.

आता त्याला सोडवायचं म्हणजे शेरीफ हवा, सरकारी वकील हवा किंवा न्यायाधीश हवा. केंड्राने एकेकाला फोन लावला. एकही उचलला गेला नाही. तिघेही चर्चमध्ये बसून एल्डनची वाट बघत होते, आणि त्यांचे फोन दारातल्या टोपलीत होते. ती टोपलीसुद्धा आर्डिसचीच. न्यायाधीश लोवन यांचा फोन एकदा ऐन प्रार्थनेत नाचाच्या चालीवर वाजला, तेव्हा पुढच्या रविवारी तिने घरून टोपली आणून दारात ठेवली आणि स्वतः तिच्यामागे उभी राहिली. तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये आत जाताना फोन टोपलीत पडतात. केंड्राने स्वतः जाऊन बोलावून आणावं, तर कैद्याला एकटं सोडता येत नाही. कैद्याला बरोबर न्यावं, तर कैदी न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय हलत नाही. ज्याच्यासाठी सगळे थांबले होते त्याला सोडवणारे तेच होते.

दोन वाजून गेले. एल्डन पेटीकडे बघत होता.

"काकूंना बरं वाटायचं का त्यानं?" केंड्राने हळूच विचारलं.

मग त्याने सांगितलं. उन्हाळाभर ती नीट जेवली नव्हती की झोपली नव्हती. नर्सने या गोळ्यांचं सुचवलं तेव्हा आर्डिसने तिला खोलीबाहेर काढलं होतं. नंतर एक आठवडा असा आला की ती भिंतीकडे तोंड करून नुसती कण्हत होती, आणि त्यानंतर कुठूनतरी बरणी आली. ती दिवा मालवल्यावरच घ्यायची, लाज वाटायची म्हणून. त्याला अंधारात फक्त खटक्याचा आवाज यायचा. पहिल्या रात्री ती गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, एल्डन, मला बटाटे तळून दे. बशीभर खाल्ले. मग आणखी बशीभर. आणि त्याच्या जळक्या बटाट्यांना हसली. ती पुन्हा हसेल असं त्याला वाटलं नव्हतं, त्यामुळे तो बाहेर जाऊन रडून आला.

बोलता बोलता तो थांबला. "हा कॅमेरा ऐकतोय का सगळं?"

"ऐकतोय."

एल्डन सरळ बसला आणि कॅमेऱ्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "ती बरणी माझी आहे. आर्डिसचा तिच्याशी संबंध नाही."

केंड्राने डोकं हातात धरलं.

इकडे चर्चमध्ये ऑर्गनवालीने येत होती तेवढी भजनं दोनदा वाजवून झाली होती. आर्डिसची धाकटी बहीण ओलेटा ओव्हनमधल्या हॅमपाशी ठाण मांडून होती. ती शेवटी बाहेर आली आणि म्हणाली की एल्डन उशीर करणारा माणूस नाही, काहीतरी झालंय. सगळे उठले. गाड्यांची रांग हायवेला लागली. दुरूनच त्यांना पिकअप सापडली, कारण तिचा डावा इंडिकेटर अजून चालू होता, फक्त बॅटरी उतरत आल्यामुळे मंद लुकलुकत होता. आत कुणी नव्हतं. पेटी नव्हती. ओलेटाने शेतांकडे बघून एल्डनला हाका मारल्या. मग तिथल्या एका मळेवाल्याने सांगितलं की केंड्रा पेनर त्यांना घेऊन गेली, आणि सगळे कचेरीत येऊन थडकले.

काळे कपडे घातलेली निम्मी काउंटी त्या छोट्या कचेरीत मावेना. केंड्राने सगळा प्रकार सांगितला, बरणी टेबलावर ठेवली, आणि सगळे तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागले. न्यायाधीश लोवन चांगला माणूस. चर्चच्या गायकवृंदात त्यांचा सूर सगळ्यात खालचा. त्यांनी तिथेच कोर्ट भरवलं, शेरीफच्या खुर्चीत बसून.

सरकारी वकिलाचाच मुद्दा साधा होता. एल्डन अनरू बायकोची पर्स उघडत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पर्समध्ये काय आहे ते माहीतच नसेल तर गुन्हा कसला? यावर बर्फातल्या व्हरांड्याची गोष्ट निदान चौघांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि एल्डनला विचारलं.

"माझी आहे," एल्डन म्हणाला. "मीच ठेवली पर्समध्ये."

 त्याचं काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. आपण तिला पुरायला उभे राहू तेव्हा आर्डिसबद्दल कुणाच्या मनात वेडंवाकडं येऊ नये म्हणून हा म्हातारा तुरुंगात जायला निघाला होता, आणि त्यापायी तिच्या मातीलाच मुकणार होता.

"एल्डन," न्यायाधीश लोवन हळू आवाजात म्हणाले, "गोळ्यांचा रंग कोणता?"

एल्डनने बरणीकडे न बघता विचार केला. "हिरवा. गांजा हिरवाच असतो की."

"लाल आहेत. चेरीच्या."

"अंधार होता," एल्डन म्हणाला.

तेवढ्यात ओलेटा पुढे आली. हातात अजून ओव्हनचे हातमोजे होते. "खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "बरणी मी आणली. सप्टेंबरात भेटायला गेले होते ना, तेव्हा. हा दुकानात जायला घाबरला, ती मान वर करायला तयार नव्हती. मी गेले आणि घेऊन आले. तिकडे घेतली, तिकडेच दिली. आणि माझ्या गुडघ्यांसाठी जी वेगळी—"

"ओलेटा," न्यायाधीश घाईघाईने म्हणाले, "पुढे बोलू नका."

पण तोवर मागून एकदम चर्चा सुरू झाली, बाजारभावावर होते तशी. एक आजोबा म्हणाले की मिसूरीत दुकानंच आहेत, कुणी विचारत नाही. दुसऱ्याने सांगितलं की ओक्लाहोमात डॉक्टरचं कार्ड लागतं. गोधडी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी खुलासा केला की नेब्रास्कात थोडी सुकी पानं पहिल्यांदा सापडली तर नुसता दंड होतो, पण जेली असली की भारी गुन्हा, म्हणून तिकडून येताना मलमच बरं. न्यायाधीश लोवन यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांकडे पाहिलं. हे इतकं बारीकसारीक तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं नाही. तरीही बऱ्याच जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं, आणि त्या नजरांमध्ये न्यायाधीशांच्या बायकोचीही एक होती.

आर्डिसला हे दिसायला हवं होतं. लाजेने अंधारात गोळी घेणाऱ्या त्या बाईला कळायला हवं होतं की ती एकटी नव्हती. माझ्या मनाला अजून हीच गोष्ट लागून राहिली आहे.

निकाल झटपट लागला. पर्स आर्डिसची, सबब बरणीही आर्डिसची. "आणि आर्डिस अनरू," न्यायाधीश म्हणाले, आणि तिथे त्यांचा तो खालचा सूर जरा हलला, "या राज्याच्या हद्दीबाहेर गेलेल्या आहेत. प्रकरण बंद." बरणी नष्ट करण्यासाठी ठेवून घेतली गेली. पर्स एल्डनला मिळाली. केंड्राने कपाट उघडलं आणि पेटी दोन्ही हातांनी त्याला दिली. शेरीफने कचेरी स्वतः सांभाळतो म्हणून केंड्राला जायला सांगितलं.

ज्वारीच्या लाल शेतांच्या मधोमध, आईच्या शेजारी, आर्डिसला पुरलं. एल्डनने आपल्या हाताने माती लोटली आणि मग खोरं कुणाला द्यायचं ते त्याला सुचेना, म्हणून बराच वेळ तो ते धरून उभा राहिला. नंतरचं हॅम गारच होतं. कुणी तक्रार केली नाही, फक्त ओलेटा प्रत्येकाच्या ताटाशी जाऊन माफी मागत होती, आणि कुणाची ते सगळ्यांना कळत होतं.

संध्याकाळच्या उन्हात केंड्राने त्याला पिकअपपाशी आणून सोडलं. बॅटरी पार उतरली होती. तिने आपल्या गाडीतून वायरी जोडून पिकअप चालू करून दिली, आणि इंजिनाबरोबर आत टिक्‌टिक् सुरू झाली. शेजारची सीट रिकामी होती. एल्डनने तिथे पर्स ठेवली आणि तिला पट्टा लावला.

"काका, ही टिक्‌टिक् ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येते की."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

 तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "लग्न नवीन होतं. कशावरून तरी भांडलो. कशावरून ते दोघांनाही नंतर आठवलं नाही. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. रविवारी चर्चला निघालो तर इंडिकेटर राहिला चालू. चर्चपर्यंत तिनं सोसलं. मग राहवलं नाही. म्हणाली, 'एल्डन, इंडिकेटर.' तिथून बोलायला लागली." त्याने इंडिकेटरकडे बोट दाखवलं. "मग मी कशाला बंद करू?"

पिकअपमध्ये टिक्‌टिक् चालू होती. त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि तो निघत नव्हता. केंड्राला ते बघवेना. तिने खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि 'काका' न लावता म्हणाली, "एल्डन, इंडिकेटर."

म्हाताऱ्याचा चेहरा आक्रसला. त्याने हात पुढे करून इंडिकेटर बंद केला, पर्समधून नाही तर खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, आणि पिकअप रस्त्याला घातली. केंड्रा तिथेच उभी राहिली. थोडं पुढे त्याच्या घराचा फाटा होता, तिथे खरोखरच डावीकडे वळायचं होतं. तो वळला, आणि इंडिकेटर लावलाच नाही.

हा गुन्हाच आहे. केंड्राने छातीवरचा कॅमेरा बघितला, अंग फिरवलं, आणि पिकअप दिसेनाशी होईपर्यंत ज्वारीचं चित्रण करत राहिली.